कॉटन दोरा

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे, असं सांगितलं गेलं तेव्हा मी आधी चक्क पळ काढला होता. मी पडले कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं पहिलीपासून वाकडं, आणि मराठीत मी आजवर सगळ्यात लांब काही लिहिलं असेल तर ते आजीला लिहिलेलं पत्र. तेव्हा चुका पोटात घाला. पण एका माणसाबद्दल मला गेल्या डिसेंबरपासून कुणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून बसले लिहायला.

झालं असं. माझी रूममेट आंध्रातली, गोदावरीच्या मुखाकडच्या कोनसीमेतली. तिच्या ताईच्या लग्नाला मी गेले होते. पहाटे गाडी राजमहेंद्रीच्या पुलावर आली आणि ती म्हणाली, "ऊठ गं, तुझी नदी बघ." मी नाशिकची. माझी गोदावरी म्हणजे रामकुंड, गाडगे महाराज पूल आणि पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं याची चर्चा. एवढीशी नदी! आणि इथे पूल संपेचना. पावणेतीन किलोमीटर. डब्यातली माणसं खिडकीतून नाणी टाकत होती आणि मी तोंड उघडं टाकून बघत बसले.

त्यांच्या घरी ओसरीवर दोन फोटो होते. एक देवाचा आणि एक पांढऱ्या दाढीच्या गोऱ्या साहेबाचा. मी विचारलं, हा कोण? आजोबा म्हणाले, "कॉटन दोरा." मला वाटलं ते सुती दोऱ्याबद्दल काहीतरी सांगताहेत! रूममेट हसून हसून लोळायची बाकी राहिली. तेलुगूत दोरा म्हणजे मालक, साहेब. तर हे कॉटन साहेब. सर आर्थर कॉटन. इथल्या काही घरांत पूजेच्या संकल्पात त्याचं नाव घेतात, पुष्करात त्याच्या नावाने तर्पण करतात असंही सांगतात. लोक त्याला अपर भगीरथ म्हणतात. एका इंग्रज इंजिनिअरला! आणि मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असून हे नाव फक्त एका ऑब्जेक्टिव्ह प्रश्नातल्या चार पर्यायांपैकी एक म्हणून ऐकलं होतं.

परत आल्यावर लायब्ररीत जे सापडलं ते वाचलं. त्याच्या मुलीने, लेडी होपने, १९०० साली लिहिलेलं त्याचं चरित्र आहे. तिला बापाचं फारच कौतुक, त्यामुळे थोडं मीठ लावूनच वाचावं लागतं. (मी त्याला एकेरीच लिहिणार आहे. 'ते' म्हटलं की माणसाचा लगेच पुतळा होतो.)

आर्थर कॉटनचा जन्म १५ मे १८०३ चा, इंग्लंडमधला. बापाचा दहावा मुलगा. दहाव्या मुलाला इस्टेट वगैरे काही मिळत नाही, त्याने आपलं पोट आपणच भरायचं. पंधराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कॉम्बच्या शाळेत भरती झाला आणि १८२१ मध्ये, अठराव्या वर्षी, मद्रासला येऊन पोचला. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा. इथे आल्यावर रामसेतूच्या बाजूच्या पांबनच्या खाडीची पाहणी, मग ब्रह्मदेशातली लढाई, मग तलाव-कालव्यांचं खातं. हे सगळं भराभर सोडून देते, कारण त्याची खरी शाळा पुढे सुरू झाली, ती कावेरीवर.

कावेरीची अडचण समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. श्रीरंगमजवळ कावेरीचे दोन फाटे होतात, एक कावेरी आणि दुसरा कोळ्ळिडम. कोळ्ळिडमची वाट सरळ आणि उताराची, त्यामुळे पाणी तिकडेच पळायचं. कावेरीचा फाटा गाळाने वर येत चालला होता आणि तंजावरची भातशेती तहानेने मरत होती. कॉटनने कोळ्ळिडमच्या तोंडाशी बंधारा घातला, खाली आणखी एक. १८३६ च्या सुमाराला हे काम झालं आणि तंजावर वाचलं. इतकं पाणी कावेरीत येऊ लागलं की नंतर तिच्याही तोंडाशी नियंत्रण करावं लागलं. नदी म्हणजे काही नळ नव्हे, एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगते.

पण मला आवडलं ते वेगळंच. त्या वेळचे गोरे इंजिनिअर म्हणायचे की पाया खडकापर्यंत गेलाच पाहिजे. आणि इथे तर नदीत कितीही खणा, वाळूच. मग करायचं काय? कॉटनने जवळचा कल्लणै बघितला. हा बंधारा चोळ राजा करिकालाचा मानतात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो वाळूवर उभा होता! जुन्या कारागिरांनी मोठमोठे दगड वाळूत टाकले, ते खचले, त्यावर आणखी टाकले, असं करत करत खचणं थांबेपर्यंत टाकले आणि मग त्यावर बांधलं. कॉटनने ते शिकून घेतलं आणि पुढे आयुष्यभर उघडपणे सांगितलं की सुट्या वाळूवर पाया घालायची विद्या आपण इथल्या जुन्या लोकांकडून घेतली. १८३० च्या दशकात कंपनीच्या एका कॅप्टनने असं कबूल करणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे सीनियरची असाइनमेंट उतरवली तरी कुणी कबूल करत नाही.

त्याच सुमाराला मद्रासजवळ दगड वाहायला त्याने एक छोटी रेल्वेसुद्धा टाकली, रेड हिल रेल्वे, १८३७ ची. भारतातला पहिला लोहमार्ग म्हणून तिचं नाव घेतात. बोरीबंदर ते ठाण्याच्या सोळा वर्षं आधी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हाच माणूस रेल्वेचा कट्टर दुष्मन होणार आहे.

मध्येच त्याची तब्येत बिघडली. तो ऑस्ट्रेलिया-टास्मानियाकडे गेला आणि तिथेच १८४१ मध्ये एलिझाबेथ लिअरमंथशी लग्न करून आला. आणि मग त्याच्यासमोर आली गोदावरी.

आता थोडा भूगोल. कंटाळा आला तरी वाचा, मलाही तो शाळेत दोन ओळींतच शिकवला होता. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ही बाई समुद्राकडे पाठ फिरवून उलटी निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणलोट क्षेत्र ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यातलं जवळजवळ निम्मं आपल्या महाराष्ट्रात. नगर-मराठवाड्यात तिला प्रवरा, सिंदफणा, दुधना घेऊन आलेली पूर्णा आणि पुढे मांजरा मिळते. पण हा सगळा पर्जन्यछायेचा, कोरडा भाग. खरं पाणी येतं पुढे. वर्धेला पैनगंगा मिळते, वर्धा वैनगंगेला मिळते आणि दोघींची होते प्राणहिता. ही एकटी गोदावरीच्या खोऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापते. सिरोंच्यासमोर, कालेश्वरमला ती गोदावरीत येते. थोडं पुढे बस्तरचं पाणी घेऊन इंद्रावती, मग शबरी. पापिकोंडालूच्या डोंगरांतून चिंचोळी होऊन नदी बाहेर पडते ती एकदम मैदानात, आणि धवलेश्वरमला मैलोन्‌मैल पसरते. म्हणजे राजमहेंद्रीच्या पुलावरून मी जे बघितलं त्यात माझ्या नाशिकचं पाणी म्हणाल तर चमचाभर. विदर्भ, बस्तर आणि ओडिशाचंच जास्त. जरा वाईटच वाटलं.

१८३३ मध्ये या नदीच्या काठी मोठा दुष्काळ पडला. नंतर १८३९ मध्ये कोरिंगा बंदरावर वादळाची लाट आली. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ मध्ये ७ लाख ३८ हजार होती, ती १८४१ मध्ये ५ लाख ६१ हजारांवर आली. काही मेले, काही परागंदा झाले. आणि दरवर्षी पावसाळ्यात एवढी अवाढव्य नदी त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात जात होती. हे कॉटनला बघवेना.

त्याने नदीचं अंग ओळखलं होतं. त्रिभुज प्रदेश नदीने आपल्याच गाळाने बनवलेला असतो. पूर आला की गाळ सगळ्यात जास्त काठाला बसतो, त्यामुळे काठ उंच आणि लांबची जमीन सखल. म्हणजे धवलेश्वरमला, जिथे डोंगर संपतात आणि त्रिभुज प्रदेश सुरू होतो, तिथे पाणी फक्त काही फूट वर उचललं तर पुढचं काम उतारच करतो. पंप नको, काही नको. धरण बांधून पाणी साठवायचंही नाही, नुसतं वळवायचं. इतकं साधं! पण साधं सुचायलाच डोकं लागतं.

१८४४ मध्ये त्याने अहवाल दिला. सरकारला माणसं जगतील याचं फारसं अप्रूप नव्हतं, म्हणून त्याने शेतसारा किती वाढेल याचा हिशेब मांडला. यावर मी बराच विचार केला. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, म्हणजे शेवटी कंपनीची तिजोरीच भरली ना? हो, भरली. भरपूर भरली. पण मला वाटतं तिजोरी ही एकच भाषा त्या सरकारला कळत होती, आणि त्याला काम करून घ्यायचं होतं. अर्थात तो साम्राज्याचाच नोकर होता आणि त्याचा स्वतःचा त्या राज्यावर पूर्ण विश्वास होता, हेही लपवण्यात अर्थ नाही.

डिसेंबर १८४६ मध्ये मंजुरी आली आणि १८४७ मध्ये काम सुरू झालं. नदी तिथे बेटांमुळे चार फाट्यांत वाहते, म्हणून बंधाऱ्याचे चार तुकडे: धवलेश्वरम, र्‍याली, मद्दूरु आणि विज्जेश्वरम. बांधकामाची लांबी सगळी मिळून सुमारे १२ हजार फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर, आणि उंची फक्त १२ फूट. पाया वाळूत, उथळ विहिरी उतरवून. खालच्या अंगाला सुट्या दगडांचा रुंद उतार, म्हणजे पाणी उडी मारून पाया उकरणार नाही. हजारो मजूर. दगड जवळच्याच टेकडीचा. वीणम वीरण्णा नावाचा स्थानिक सहकारी त्याच्याबरोबर राबला, त्याचं नाव तिथले लोक अजून घेतात. कालवे तीन दिशांना काढले, पूर्व, मध्य आणि पश्चिम, आणि त्यांना बोटी जाण्यासाठी लॉकसुद्धा ठेवले. मध्ये कॉटन पुन्हा आजारी पडून १८४८ ते १८५० दूर होता, तेव्हा कॅप्टन ऑरने काम पुढे नेलं. १८५२ मध्ये बंधारा पुरा झाला. लगोलग लेफ्टनंट हेगने गन्नवरमला नदीच्या एका फाट्यावरून कालवा नेणारा ४९ कमानींचा जलसेतू एका हंगामात उभा केला. एका हंगामात! आमच्या हॉस्टेलची पाण्याची टाकी तीन वर्षं झाली, अजून गळते.

पुढच्या पिढीपर्यंत तो जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जायचा थांबला. आज त्या कालव्यांवर सुमारे १० लाख एकर जमीन भिजते. मूळ बंधाऱ्याची जागा १९७० ते १९८२ च्या दरम्यान बांधलेल्या नव्या बॅरेजने घेतली आहे आणि त्यालाही कॉटनचंच नाव आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये त्यावरून ३५ लाख क्युसेक पूर गेला. नाशिकमध्ये गंगापूर धरणातून ४०-५० हजार सोडले तरी आमच्या गल्लीतले लोक छत्र्या घेऊन पूर बघायला जातात.

इथे थांबले असते तर ही फारच गोड गोष्ट झाली असती. पण कॉटन यशाने वेडावला असं मला वाटतं. त्याला आता सगळ्या नद्या जोडायच्या होत्या. बोटीने सारा हिंदुस्थान फिरता आला पाहिजे, आणि रेल्वेवरचा पैसा वाया चाललाय, पाण्यावरची वाहतूक कितीतरी स्वस्त, हा त्याचा धोशा. यातलीच एक योजना आपल्या विदर्भाची होती आणि ती मला आधी अजिबात माहीत नव्हती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस, हिंगणघाटचा वगैरे, बोटींत भरायचा. वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि थेट पूर्व किनाऱ्याच्या बंदरावर. कॉटनने कॉटन न्यायचा! नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते. एक दुम्मागुडेमला, एक इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला, आणि एक प्राणहितेवर. तिथे बंधारे घालून बाजूने लॉकचे कालवे काढायचे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे कामाला जोर आला. तोच हेग, ज्याने जलसेतू बांधला, तो जंगलात तापाने मरणारे मजूर सांभाळत खपत होता.

पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मुंबईला कापूस झुकझुक निघाला. आणि गोदावरीत फेब्रुवारीपासून जूनपर्यंत बोट तरंगेल इतकं पाणीच नसतं. ही गोष्ट कॉटनला माहीत नसेल असं नाही, पण त्याने ती मनावर घेतली नाही. १८७१ मध्ये सरकारने काम थांबवलं. दुम्मागुडेमचा बंधारा अजून तिथे आहे. सिरोंच्याहून बोटीने समुद्रावर जायचं मात्र राहून गेलं.

इतर ठिकाणीही असंच. त्याच्या विचाराने निघालेली तुंगभद्रेवरची कर्नूल-कडप्पा कालव्याची कंपनी बुडीत गेली आणि १८८२ मध्ये सरकारला विकत घ्यावी लागली. ओडिशातलीही तोट्यात गेली. गंगा कालवा बांधणाऱ्या प्रोबी कॉटलीशी त्याचं जाहीर भांडण झालं. कालव्याचा उतार जास्त ठेवलाय, हेडवर्क्स चुकीच्या जागी घेतलंय, असं कॉटनचं म्हणणं. दोघांनी एकमेकांविरुद्ध पुस्तिका छापल्या. उताराबद्दल त्याचं बरंचसं बरोबर निघालं, पण बोलण्याची पद्धत अशी की बरोबर असूनही शत्रू वाढावेत. असा एक तरी माणूस प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असतो. आमच्यात मीच.

१८६० मध्ये तो निवृत्त झाला, १८६१ मध्ये सर झाला. मग १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ आला. मद्रास, म्हैसूर, आपलं दख्खन, सगळीकडे लाखोंनी माणसं मेली. रेल्वे होत्या, धान्य हलवता येत होतं, पण विकत घ्यायला पैसे कुणाकडे होते? पंचाहत्तरीचा कॉटन पेटून उठला. पाटबंधाऱ्यांकडे दुर्लक्ष केलंत म्हणून हे झालं, असं तो सांगत सुटला. १८७८ मध्ये पार्लमेंटने समिती नेमली आणि तिच्यासमोर त्याची उलटतपासणी झाली. बुडालेल्या कंपन्या, चुकलेले अंदाज, सगळं त्याच्यापुढे टाकलं गेलं. समितीचा कल त्याच्या विरुद्ध गेला. बोटींच्या बाबतीत तो चुकला होता, हे मला त्याचा एवढा भक्त होऊनही मान्य आहे. पण पाण्याच्या बाबतीत? गोदावरीचा त्रिभुज प्रदेश त्या वेळी उपाशी नव्हता. समितीच्या खोलीत हा पुरावा असूनही त्याचं वजन पडलं नाही. हे वाचताना मला राग आला. लायब्ररीत मोठ्याने 'शी!' म्हणाले आणि बाहेर काढली गेले.

म्हातारपणी डॉर्किंग नावाच्या गावी तो बागेत खोल खणून गहू पेरायचा, कमी जमिनीत जास्त पीक कसं येईल याचे प्रयोग करायचा. २४ जुलै १८९९ ला तो गेला, शहाण्णव वर्षांचा होऊन. त्याच वर्षी इकडे पाऊस दडी मारून बसला होता. गुजरात, राजस्थान आणि आपल्याकडे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, त्याची ती सुरुवात होती.

तिथल्या बॅरेजवर आम्ही लग्नानंतर दुसऱ्या दिवशी गेलो. म्युझियममध्ये त्याची अवजारं ठेवली आहेत, बाहेर पुतळा, पुतळ्याला ताजा हार. रूममेटचे आजोबा काठी टेकत बरोबर आले होते. त्यांनी सांगितलं की आता समुद्र काही गावांकडे सरकतोय. वरच्या धरणांत गाळ अडकतो, त्यामुळे नदी पूर्वीसारखी नवी जमीन आणत नाही. वरच्या धरणांत म्हणजे आमच्याही. मी काही बोलले नाही. आमच्याकडे जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की बाबा पेपर आपटतात, 'आमचं पाणी' म्हणतात. बाभळीच्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र सुप्रीम कोर्टात भांडले, २०१३ मध्ये निकाल लागला, १ जुलैला दारं उघडायची वगैरे. प्रत्येकाच्या वर कुणीतरी असतं आणि खाली कुणीतरी.

निघताना आजोबांनी रूममेटकरवी विचारलं, तुमच्या गावाला उन्हाळ्यात नदीला किती पाणी असतं? मी सांगितलं, २०१६ मध्ये आमचं रामकुंड कोरडं पडलं होतं. तिने भाषांतर केलं. त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी तिला पुन्हा विचारायला लावलं, नदीच ना, गोदावरीच ना? मी म्हटलं, हो, गोदावरीच. मग ते आत गेले आणि त्यांच्या शेतातल्या तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन आले. मी नको नको म्हणत होते. सिकंदराबादपर्यंत ती मांडीवर घेऊन बसले.